खोक्यावर नाव कुणाचं?

आजचा भाग बोर्डगेम्सच्या खोक्यांबद्दल आहे. खोक्याच्या आत काय असतं ते नंतर. आधी वर काय छापलेलं असतं, ते बघू.

मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरी एक 'व्यापार' असायचा. आठवतो ना? मुंबई घ्या, दिल्ली घ्या, घरं बांधा, भाडं उकळा. दोन तासांनी एक चुलतभाऊ कोट्यधीश आणि बाकीचे रडकुंडीला. बँक कोण होणार यावरून भांडण, ते वेगळंच. पण हा खेळ कुणी तयार केला असेल, असा प्रश्न मला तेव्हा एकदाही पडला नाही. कादंबरीवर लेखकाचं नाव असतं, गाण्याला संगीतकाराचं असतं. खेळ मात्र जणू आकाशातून पडलेले.

'व्यापार' हा अमेरिकेतल्या 'मोनोपॉली'चा देशी अवतार, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मग मोनोपॉली कुणाची? तर अनेक दशकं सांगितली गेलेली गोष्ट अशी: १९३० नंतरची महामंदी, फिलाडेल्फियातला चार्ल्स डॅरो नावाचा एक बेकार माणूस, खिशात पैसे नाहीत, म्हणून घरी बसून त्याने एक खेळ शोधला आणि तो लखपती झाला. एकदम सिनेमाची स्टोरी. फक्त खेळ त्याने शोधलेला नव्हता.

तो शोधला होता लिझी मॅगी या बाईने, जवळपास तीस वर्षं आधी. (नूडल्सशी संबंध नाही, आधीच सांगतो.) १८६६ साली जन्मलेली लिझी स्टेनोग्राफर होती. टाइपरायटरच्या रुळांतून कागद सहज सरकावा म्हणून तिने एक सुधारणा केली होती आणि तिचं पेटंटही घेतलं होतं. पण डोक्यात भुंगा होता तो हेन्री जॉर्ज या अर्थविचारकाचा. १८७९ साली आलेलं त्याचं 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे पुस्तक तेव्हा प्रचंड गाजलं होतं.

जॉर्जचं म्हणणं आपल्याला पटकन कळेल. समजा तुमच्या घराशेजारी कुणाचा तरी मोकळा प्लॉट पडलाय. उद्या समोर मेट्रो स्टेशन आलं की त्याचा भाव दुप्पट. मालकाने काय केलं? काहीच नाही. भाव वाढला तो सगळ्यांच्या पैशाने बांधलेल्या मेट्रोमुळे आणि तिथे राहायला, काम करायला आलेल्या माणसांमुळे. तर मग जमिनीच्या त्या किमतीवर कर लावा आणि तो सगळ्यांसाठी वापरा.

आता हे भाषणात सांगितलं तर लोक जांभया देतात. लिझीने पटावर मांडलं. मेरीलँड राज्यातल्या ब्रेंटवूडमध्ये राहत असताना, १९०३ साली तिने पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९०४ मध्ये ते मिळालं. खेळाचं नाव 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. चौकोनी पट, कडेने फिरणाऱ्या सोंगट्या, विकत घ्यायच्या जागा, रेल्वे, तुरुंग, फेरी पूर्ण केली की मजुरीचे पैसे. ओळखीचं वाटतंय ना? एका कोपऱ्यात कुणा लॉर्ड ब्लूब्लडची इस्टेट होती. तिथे पाय पडला की घुसखोरीबद्दल थेट तुरुंगात. बाईंचा टोमणा सरळ होता.

खरी गंमत पुढे आहे. या खेळाला नियमांचे दोन संच होते. एकात सगळं आपल्या ताब्यात घ्यायचं आणि इतरांना भिकेला लावायचं. दुसऱ्यात जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जाणार आणि सगळ्यात गरीब खेळाडूकडचे पैसे सुरुवातीच्या दुप्पट झाले की सगळेच जिंकणार. तोच पट, त्याच सोंगट्या. दोन्ही खेळून बघा आणि फरक तुमचा तुम्हीच बघा, अशी तिची योजना.

खेळ पसरला, पण दुकानांतून कमी आणि हातोहात जास्त. लोक घरीच पट काढायचे, कापडावर, पुठ्ठ्यावर. कॉलेजांत खेळायचे. अटलांटिक सिटी या गावातल्या क्वेकर मंडळींनी त्यावर आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं टाकली. तो पट फिरत फिरत फिलाडेल्फियात चार्ल्स टॉड यांच्या घरी आला आणि त्यांनी एके दिवशी ओळखीच्या डॅरो जोडप्याला खेळायला बोलावलं. डॅरोला खेळ आवडला. नियम लिहून द्याल का, म्हणाला. टॉडने दिले.

डॅरो पकडला गेला तो स्पेलिंगमुळे. टॉडने पट काढताना 'मार्व्हेन गार्डन्स' या जागेच्या नावात एका अक्षराची चूक केली होती, 'मार्व्हिन' लिहिलं होतं. डॅरोच्या पटावरही 'मार्व्हिन'च. परीक्षेत शेजारच्या पेपरवरून उतरवताना चूकसुद्धा उतरवणारा मुलगा असतो ना, तसं.

१९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने डॅरोकडून खेळ घेतला. मग लिझीचं पेटंट आडवं येतंय असं दिसल्यावर तेही तिच्याकडून विकत घेतलं. पाचशे डॉलरला. रॉयल्टी शून्य. डॅरोला मात्र रॉयल्टी मिळत राहिली. १९३६ च्या जानेवारीत लिझी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांकडे गेली आणि आपले जुने पट दाखवले. फार काही झालं नाही. १९४० च्या जनगणनेत तिने व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं: खेळ तयार करणारी. उत्पन्नाच्या रकान्यात: शून्य. १९४८ साली ती गेली.

पैसे बुडाले हे वाईटच. पण माझ्या मते त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. नियमांचा दुसरा संच गळून पडला. जमीनदारीवर टीका म्हणून केलेला खेळ जमीनदारीची जाहिरात होऊन बसला आणि आपण तोच 'व्यापार' म्हणून खेळलो. बनवणारीचं नाव पुसलं गेलं, त्याबरोबर तिचं म्हणणंही.

हे बाहेर आलं तेही अपघाताने. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अन्सपाक यांनी 'अँटी-मोनोपॉली' नावाचा खेळ काढला. पार्कर ब्रदर्स नावावरून त्यांच्या मागे लागली. पुढची जवळजवळ दहा वर्षं कोर्टात. १९७७ मध्ये तर त्यांच्या खेळाची जवळपास ४०,००० खोकी मिनेसोटामध्ये कचऱ्याच्या डेपोत पुरली गेली! पण केस लढताना प्राध्यापकांनी जुने खेळाडू शोधून काढले, टॉडची साक्ष मिळवली आणि लिझीचं पेटंट उजेडात आणलं. १९८३ साली सुप्रीम कोर्टाने केस पुन्हा ऐकायला नकार दिला आणि अन्सपाक जिंकले.

याच काळात तिकडे जर्मनीत, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत, वेगळंच वारं होतं. तिथे बोर्डगेम हा पोरांना गप्प बसवण्याचा उद्योग नव्हता, सगळ्या घराने मिळून खेळायची गोष्ट होती. १९७९ पासून वर्षातल्या उत्तम खेळाला 'श्पील देस यारेस' हा पुरस्कार दिला जायचा. १९८३ पासून एसेन शहरात खेळांची जत्रा भरू लागली. खेळ तयार करणाऱ्याला तिथे म्हणतात खेळलेखक. पण खोक्यावर या लेखकाचं नाव असेलच, याची खात्री नव्हती.

फेब्रुवारी १९८८, न्यूरेंबर्गचा खेळणी मेळा. काही खेळलेखक एकत्र बसले होते. राइनहोल्ड विटिग होते, 'ट्विक्स्ट' बनवणारे अ‍ॅलेक्स रँडॉल्फ होते. कुणीतरी बिअरच्या ग्लासखालचा पुठ्ठ्याचा कोस्टर घेतला आणि त्यावर लिहिलं की खोक्याच्या वरच्या बाजूला आपलं नाव छापणार नसतील, तर आपल्यापैकी कुणीही प्रकाशकाला खेळ देणार नाही. तेरा जणांनी खाली सह्या केल्या. वकील नाही, स्टॅम्पपेपर नाही. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, खेळलेखकांची रीतसर संघटनाही उभी राहिली.

नाव छापल्याने काय होतं? खेळणारे नाव लक्षात ठेवतात. पुस्तकांच्या दुकानात आपण "यांचं नवीन काही आलंय का?" असं विचारतो, तसं खेळांच्या दुकानात विचारू लागतात. कोस्टरवर सह्या झाल्या त्याच वर्षी क्लाउस टॉयबर नावाच्या माणसाला 'बार्बारोसा' या खेळासाठी तो पुरस्कार मिळाला. हे टॉयबर दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबचं काम बघायचे आणि संध्याकाळी घराच्या तळघरात खेळ जुळवायचे. १९९५ साली त्यांचा 'कटान' आला. आज तुम्ही बोर्डगेम कॅफेत जाता ना, त्या सगळ्या हौसेला जगभर पसरवण्यात या एका खेळाचा वाटा प्रचंड आहे. काही वर्षांत टॉयबरांनी लॅब सोडली. २०२३ मध्ये ते वारले, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. लिझीच्या मेरीलँडमध्येच राहणाऱ्या एलिझाबेथ हारग्रेव्ह यांचा 'विंगस्पॅन' २०१९ साली आला. पक्ष्यांवरचा आहे, जरूर खेळा. खोक्यावर त्यांचं नाव आहे.

आता आपल्याकडचं. तुमच्यातले काही जण चार्टपेपर, फासे आणि मार्कर घेऊन हॉस्टेलवर काहीतरी जुळवत असतात, हे मला तुमच्या मेसेजेसवरून माहीत आहे. तर ऐका. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(एम) आहे. खेळ खेळण्याच्या पद्धतीला भारतात पेटंट मिळत नाही. लिझीला जे १९०४ साली मिळालं, तेवढंही तुम्हाला मिळणार नाही. कॉपीराइट मिळतो तो नियमपुस्तिकेतल्या शब्दांना आणि पटावरच्या चित्रांना, नियमांमागच्या कल्पनेला नाही. म्हणजे तुमच्या खेळाचे नियम स्वतःच्या शब्दांत लिहून, नवी चित्रं लावून कुणी विकले, तर थांबवणं अवघड आहे.

त्यामुळे एखाद्या प्रकाशकाने तुमचा खेळ घ्यायची तयारी दाखवली, तर आधी रॉयल्टीचा टक्का बघाच. पण त्याच कागदावर आणखी एक ओळ शोधा: नाव छापणार का, आणि कुठे? नियमपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, की खोक्यावर, वरच्या बाजूला? ती ओळ नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत घरातल्या माळ्यावर जुना 'व्यापार' सापडला, तर खोक्याचा फोटो पाठवा.