परवान्याची वही कुणाच्या हाती?

१८५३च्या तहानंतर वऱ्हाड नावाला निजामाचे राहिले आणि कारभार इंग्रज रेसिडेंटकडे गेला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, म्हणून रेसिडेंटच्या आदेशाने १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याची नोंद आहे. पुढे १८९७च्या कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत वऱ्हाडात रुळवली. अडत्याला आणि मापाऱ्याला परवाना लागू लागला आणि बाजारावर देखरेख करायला, वजने तपासायला समिती आली. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या महाविद्यालयातला संगणक-व्यवस्थापक एका कमांडने शेकडो विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरचे परवाने देतो, शिकून गेलेल्यांचे काढून घेतो आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा, कुणी सुरू केलेली नाही याची यादी काढतो. त्या कामाचा रक्ताचा वंश अमेरिकेतला आहे, हे मान्यच. पण त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न वऱ्हाडच्या बाजाराने आधीच अनुभवला होता. परवाना कुणाला द्यायचा हे नियमाने ठरवता येते. देणाऱ्यावर नजर कुणी ठेवायची, इथे व्यवस्था अडते.

वऱ्हाडात ती नेमकी तिथेच अडली. समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचे होते. कापूस पिकवून गाडीने बाजारात आणणाऱ्याला तिथे जवळजवळ जागाच नव्हती. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगाने १९२८च्या अहवालात नियंत्रित बाजारांची पद्धत इतर प्रांतांनी घ्यावी असे सुचवले, पण वऱ्हाडच्या बाजारांतले दोषही झाकले नाहीत. त्याआधी वर्षभर, १९२७ साली, मुंबई इलाख्याने आपला कापूस बाजार कायदा करताना शेतकऱ्यांना समितीत प्रतिनिधित्व दिले होते. म्हणजे कारंज्याचा बाजार सुरू झाल्यापासून चाळीस वर्षांनी वही कुणाच्या हाती असावी याचा विचार कायद्यात उतरला. संगणकाला हा विचार सुचायला त्याहून जास्त वेळ लागला.

एकाच यंत्रावर अनेकांनी काम करण्याची सीटीएसएस ही प्रणाली फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत १९६१ साली दाखवली. प्रत्येकाच्या वाट्याला यंत्राचा ठरावीक वेळ येई आणि तो राखण्यासाठी पासवर्ड असे. अ‍ॅलन शेर या संशोधकाला वाट्याचा वेळ पुरेना. १९६२ साली त्याने छिद्रांच्या कार्डावरून विनंती देऊन सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केले. इथे पासवर्ड एकाच वेळी ओळखीचा पुरावा होता आणि वापराचा परवानाही. एक हाती लागला की दुसरा आपोआप मिळाला. याहून बोलका प्रसंग १९६६चा. व्यवस्थापकांच्या संपादन-साधनात दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि प्रणालीत शिरणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. कुणी चोरी केली नव्हती. ज्यांच्या हाती वही होती, त्यांच्याच साधनातून ती उघडी पडली. आणि याच सीटीएसएसवर १९६३-६४च्या सुमारास लुई पूझाँ यांनी रनकॉम लिहिले: आज्ञा फाइलीत लिहून ठेवायच्या आणि यंत्राकडून ओळीने पार पाडून घ्यायच्या. पासवर्ड आणि आज्ञांची स्क्रिप्ट ही एकाच घरातली भावंडे आहेत.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ साली एकदाच चालणाऱ्या पासवर्डाची गणिती रीत मांडली. भारतात ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला आणि ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. व्यवस्थापनाच्या बाजूला जेफ्री स्नोव्हर यांच्या कल्पनेतून मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल हे आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवण्याचे साधन २००६ साली आले. त्यातला व्हॉट-इफ हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. तो लावला की आज्ञा प्रत्यक्षात न चालता तिचा परिणाम काय होईल तेवढे सांगते. हजार परवाने काढून घेण्यापूर्वी माणसाला थांबून पाहता येते. मात्र रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट फोनवरचा आकडा वाचू शकत नाही. म्हणून अनेक ठिकाणी व्यवस्थापकाच्याच खात्याला दुहेरी पडताळणीतून सूट मिळाली, किंवा त्याचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवला गेला. सगळ्यांवर नियम लादणारा स्वतः नियमाबाहेर राहिला. मायक्रोसॉफ्टने आपल्या अ‍ॅझ्यूर सेवेच्या व्यवस्थापन-पोर्टलवर दुसरा पुरावा सक्तीचा करायला सुरुवात केली ती ऑक्टोबर २०२४मध्ये; कमांडने होणाऱ्या कामाची पाळी त्याही नंतर आली. स्क्रिप्टला माणसाचे खाते देण्याऐवजी तिची स्वतंत्र ओळख, तिचे प्रमाणपत्र आणि कामापुरतेच अधिकार द्यावेत, हा उपाय आज उपलब्ध आहे.

यावर पहिला आक्षेप असा की बाजाराचा परवाना कायद्याने मिळतो, सॉफ्टवेअरचा पैशाने. दोघांची तुलना कशाला? फरक खरा आहे. पण विद्यार्थ्यापुरते पाहिले तर दोन्हींचा परिणाम एकच: यादीत नाव असेल तर प्रवेश, नसेल तर दार बंद. आणि परवाने मोजून घेतलेले असल्याने सोडून गेलेल्याच्या नावावर अडकलेला परवाना नव्याने आलेल्याचा हक्क खातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेळघाटातल्या मुलाच्या फोनला रेंज नसेल, तर दुहेरी पडताळणी म्हणजे त्याला बाहेर ठेवणेच नव्हे काय? एसएमएसवरच विसंबले तर होय. पण पडताळणीच्या अ‍ॅपला नेटवर्क लागत नाही. एकदा सोपवलेली गुप्त किल्ली आणि फोनमधले घड्याळ यांवरून ते सहसा दर तीस सेकंदांनी नवा आकडा काढते. २०११पासून ही रीत प्रमाणित आहे. ज्याच्याकडे स्वतःचा फोनच नाही, त्याच्यासाठी संस्थेने छोटे स्वतंत्र साधन घेऊन द्यावे. तो खर्च पडताळणीचाच भाग समजला पाहिजे.

उरतो तो लहान महाविद्यालयाचा प्रश्न, जिथे संगणकाचा माणूसच एक आहे. तिथे दुसरा तज्ज्ञ कुठून आणायचा? त्याची गरज नाही. स्क्रिप्टने कुणाचा परवाना काढून घेतला, कुणाची पडताळणी बंद केली, कोणत्या खात्याला सूट दिली, ही नोंद ज्या माणसाने स्क्रिप्ट चालवली त्याला पुसता येणार नाही अशा जागी जावी आणि दर महिन्याला प्राचार्यांनी व एका विद्यार्थी-प्रतिनिधीने ती वाचावी. सूट दिलेल्या खात्यांची यादी आधी वाचावी. ती सहसा अर्ध्या पानाचीही नसते.