बांधकामावरचं फिरतं लेझर डोळ्यांसाठी किती धोक्याचं? उत्तर ते फिरतंय की थांबलंय यावर आहे

२०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर झोतांना मनाई केली. त्याआधी विसर्जन मिरवणुकीनंतर डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या पुण्यातून आणि कोल्हापुरातून आल्याच होत्या. तेव्हापासून लेझर म्हटलं की आपण डोळे सांभाळतो. मग शेजारच्या प्लॉटवर काम सुरू होतं, तिवईवर एक डबा गरागरा फिरताना दिसतो, भिंतीवर लाल किंवा हिरवी रेघ उमटते आणि तिथेच सात-आठ माणसं डोळ्यांवर काहीही न लावता काम करत असतात. हे चालतं कसं?

चालतं, कारण दोन्ही लेझरच्या ताकदीत खूप फरक आहे. मिरवणुकीतले मोठे झोत वॅटमध्ये मोजतात, साइटवरचं लेझर मिलीवॅटमध्ये. एक वॅट म्हणजे एक हजार मिलीवॅट. नीट वापरलं तर हे यंत्र डोळ्यांना इजा करत नाही. पण 'नीट' म्हणजे काय, हे यंत्रासोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ती पुस्तिका बहुधा पेटीतच राहते.

हे यंत्र करतं काय?

पूर्वी दोन खांबांवर एकच लेव्हल मारायची तर पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसं उभी राहायची. अजूनही राहतात, आणि नळीत हवेचा बुडबुडा नसेल तर ती पद्धत अचूकच आहे. मोठ्या कामावर डंपी किंवा ऑटो लेव्हल आली. तिथे एक जण दुर्बिणीत बघतो आणि दुसरा स्टाफ धरतो. फिरत्या लेझरने यातला बघणारा माणूस कमी केला. यंत्राचं डोकं मिनिटाला साधारण ३०० ते ६०० फेरे घेतं, त्यातून निघणारा बारीक किरण चहूकडे फिरतो आणि सगळ्या साइटवर प्रकाशाची एक आडवी पातळी तयार होते. तिवई थोडी वाकडी असली तरी यंत्र आतून स्वतःला सरळ करून घेतं. स्टाफवर लावलेला रिसीव्हर त्या पातळीत आला की 'टूं' वाजतो.

उन्हात हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रिसीव्हर लागतो. आणि धोक्याची पहिली सवय इथेच लागते. रिसीव्हर पेटीत ठेवून माणूस ठिपका शोधायला लागतो. ठिपका सापडला नाही की वळून थेट यंत्राकडे बघतो, 'चालू आहे ना?' म्हणून. यंत्र चालू आहे का हे बघायला त्याच्या बाजूला असलेला दिवा असतो, किरण नव्हे.

लेबलवरचा आकडा

प्रत्येक लेझर यंत्रावर पिवळं लेबल असतं आणि त्यावर क्लास लिहिलेला असतो. साइटवर तीन-चारच नावं भेटतात. क्लास २ म्हणजे दिसणारा प्रकाश, जास्तीत जास्त १ मिलीवॅट. क्लास ३आर म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशात ५ मिलीवॅटपर्यंत. काही अमेरिकी यंत्रांवर यालाच रोमन आकड्यात तीन आणि पुढे ए असं लिहिलेलं दिसेल. मागे एम हे अक्षर असेल तर नुसत्या डोळ्यांना ठीक, पण दुर्बिणीतून पाहू नका असा त्याचा अर्थ. लेबलवर ३बी किंवा ४ दिसलं तर ते यंत्र लेव्हल काढायला साइटवर आणायचंच नाही.

क्लास २ सुरक्षित मानतात ते एका गृहीतकावर: झगझगीत प्रकाश पडला की माणूस पाव सेकंदात डोळे मिटतो किंवा तोंड फिरवतो. ऐकायला हे पटतं. जर्मनीत लोकांवर याची प्रत्यक्ष चाचणी घेतली, तेव्हा पाचातल्या एकाचीही पापणी धड वेळेत मिटली नाही. त्यामुळे 'डोळा आपोआप मिटतो' यावर विसंबू नका. किरण दिसला की आपणहून मान फिरवा, हे कामगारांना तोंडी सांगणं जास्त कामाचं.

लेबलवर किती विश्वास ठेवायचा, हा आणखी एक प्रश्न. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २०१३ साली १२२ लेझर पॉइंटर तपासले. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी साधारण ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. ते पॉइंटर होते, लेव्हल नव्हत्या, म्हणून तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ऑनलाइन मिळणाऱ्या, निर्मात्याचं नाव नसलेल्या स्वस्त यंत्राच्या लेबलवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये, इतकं त्यातून कळतं. 'जास्त पॉवर, उन्हातही दिसेल' अशी जाहिरात असेल तर आधी मिलीवॅट विचारा.

हिरवा जास्त घातक की लाल? समान ताकदीचे असतील तर हिरवा फक्त जास्त ठळक दिसतो, कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. बाहेरच्या कामाच्या काही यंत्रांत तर अदृश्य इन्फ्रारेड किरण असतो. तो दिसतच नाही, त्यामुळे तिथे पापणीचा प्रश्नच येत नाही. अशा यंत्राचा क्लास बघूनच ते घ्यावं.

फिरतं तोवर बरं

आता मूळ मुद्दा. डोळ्याचं भिंग लेझरचा किरण मागच्या पडद्यावर अगदी बारीक ठिपक्यात गोळा करतं. बाहुलीपाशी असलेली तीव्रता पडद्यावर पोचेपर्यंत लाखपटीच्या घरात जाते. म्हणून मिलीवॅटसुद्धा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण किरण फिरत असेल तर तो डोळ्यावर राहतो किती वेळ?

समजा तुम्ही यंत्रापासून १० मीटरवर आहात. एका फेऱ्यात किरण सुमारे ६३ मीटरचं वर्तुळ कापतो. अंधारात बाहुली उघडून उघडून ७ मिलिमीटर होते. म्हणजे फेऱ्याच्या जेमतेम नऊ हजाराव्या भागापुरता किरण बाहुलीवर असतो. मिनिटाला ६०० फेरे धरले तर दर फेऱ्याला सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग. इतक्या वेळात पडद्याला काही होत नाही. हाच हिशोब एक मीटरवर केला तर नऊ हजारावरून आपण नऊशेवर येतो. म्हणून यंत्राला चिकटून, डोळे त्याच्या रेषेत ठेवून काम करू नये.

डोकं थांबलं की हा सगळा हिशोब मोडतो. किरण एकाच जागी, पूर्ण ताकदीने, सलग. आणि ते थांबतं नेहमीच्या कामातच. बहुतेक यंत्रांत एक पॉइंट मोड असतो, त्यात डोकं एका दिशेला स्थिर राहतं. स्कॅन मोडमध्ये किरण छोट्याशा कोनात पुढे-मागे जातो. रेघ ठळक दिसते म्हणून आतल्या कामाला हा मोड लाडका, पण तोच प्रकाश कमी जागेत पडतो, म्हणजे डोळ्यावर जास्त वेळा. सर्वांत विसरला जाणारा किरण मात्र वर जाणारा. अनेक यंत्रांत ओळंब्यासारखा सरळ वर जाणारा एक स्थिर किरण असतो आणि आडवं काम चालू असतानाही तो चालूच असतो. लिफ्टच्या खड्ड्यात किंवा डक्टखाली यंत्र ठेवलं आणि वरच्या मजल्यावरून कुणी 'झालं का रे?' म्हणून वाकून पाहिलं, की तो किरण सरळ त्याच्या डोळ्यात. खाली लेझर लावताना वरच्या माणसांना सांगणं, ही यावर सगळ्यात साधी काळजी.

बेसमेंटमध्ये हे सगळं थोडं अधिक जपावं लागतं. उन्हात बाहुली आकसलेली असते, अंधारात मोठी होते. शिवाय अंधारात डोळे दिपले तर काही क्षण समोरचं दिसत नाही. पडद्याला कायमची इजा झाली नाही तरी परांचीवरच्या माणसाला तेवढे क्षण पुरेसे असतात.

उंची कुणाच्या डोळ्यांची?

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा, म्हणजे ओशाचा, बांधकामावरच्या लेझरसाठी स्वतंत्र नियम आहे. क्रमांक १९२६.५४. तो जेमतेम पानभर आहे आणि कुठल्याही साइटच्या भिंतीवर लावावा असा आहे. यंत्र फक्त शिकलेल्या माणसाने लावावं आणि चालवावं. किरण माणसांवर रोखू नये. गरज नसेल तेव्हा झाकण लावावं किंवा बंद करावं. जेवणाची सुट्टी, पाळी बदलणं, रात्र अशा वेळी चालू सोडून जाऊ नये. जागेवर सूचनेची पाटी हवी. ५ मिलीवॅटपेक्षा जास्त प्रकाशाची शक्यता असेल तिथे लेझरसाठीचा संरक्षक चष्मा हवा. आणि शक्य असेल तर यंत्र कामगारांच्या डोक्याच्या वर लावावं.

हे शेवटचं वाक्य सर्वांत उपयोगी आणि सर्वांत फसवं. डोक्याच्या वर म्हणजे कुणाच्या? प्लिंथचं काम असेल तर दोन मीटरच्या वर लावलेला किरण सगळ्यांच्या डोक्यावरून जातो. पण फॉल्स सीलिंगचा कारागीर घोडीवर चढलेला असतो, त्याच्या डोळ्यांची उंची तीच. फरशी बसवणारा उकिडवा बसतो, त्याच्यासाठी कमरेएवढा किरण डोळ्यासमोर येतो. आणि आपल्याकडे साइटवर कामगारांची लहान मुलं असतात. त्यांचे डोळे मीटरभर उंचीवर, आणि फिरणारा लाल ठिपका म्हणजे त्यांना खेळच. वैद्यकीय नियतकालिकांत लेझरने पडद्याला झालेल्या ज्या इजा नोंदल्या आहेत, त्यांत लेझर पॉइंटरकडे एकटक बघत बसलेल्या मुलांची प्रकरणं पुष्कळ आहेत. मोठा माणूस मान फिरवतो, मूल बघत राहतं. मुलं फिरतात तिथे यंत्र चालू ठेवून हलायचं नाही, एवढा एक नियम मुकादमाने पाळला तरी बराच धोका टळतो.

किरण परतूनही येतो. काच, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, स्टीलचा पत्रा, गाडीची समोरची काच हे आरशासारखं काम करतात. काचेच्या दर्शनी भागासमोर यंत्र लावलं तर परतलेला किरण रिसीव्हरलाही फसवतो आणि लेव्हल चुकते. ऑटो लेव्हल किंवा दुर्बिणीतून तर लेझरकडे कधीच बघू नये, कारण तिचं मोठं भिंग बाहुलीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडतं.

तो लाल चष्मा संरक्षणाचा नाही

यंत्राच्या पेटीत अनेकदा लाल किंवा हिरवा चष्मा मिळतो. तो घातला की आपण सुरक्षित, असा समज सर्रास दिसतो. तो चष्मा किरण ठळक दिसावा म्हणून दिलेला असतो. आजूबाजूचा प्रकाश तो अडवतो आणि लेझरचा रंग आत येऊ देतो. म्हणजे संरक्षणाच्या नेमकं उलट. संरक्षक चष्म्यावर कोणत्या तरंगलांबीसाठी तो आहे, हे आकड्यात छापलेलं असतं. तसं काही छापलेलं नसेल तर तो फक्त रंगीत चष्मा समजा.

लेझर नसलेले धोके

खरं सांगायचं तर जीव जाण्याइतका धोका किरणापेक्षा स्टाफचा आहे. ॲल्युमिनियमचा स्टाफ पूर्ण उघडला की चार-पाच मीटर लांब होतो. रस्त्याकडेच्या प्लॉटवरून उघड्या वीजतारा गेल्या असतील तर स्टाफ मिटवूनच न्यायचा, आणि तारांच्या आसपास उघडायचाच नाही. विजा चमकत असतील तेव्हाही नाही.

तिवई खोदाईच्या काठावर किंवा जेसीबीच्या वळणाच्या जागेत ठेवू नका. तिला धक्का लागला, एक पाय चिखलात रुतला, तर यंत्र स्वतःला पुन्हा सरळ करून निमूट फिरायला लागतं, पण वेगळ्या उंचीवर. कुणाला पत्ता लागत नाही आणि ड्रेनेजचा उतार उलटा जातो. धक्का लागताच थांबून इशारा देणारी सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती बंद करू नका. यंत्र पडलं असेल तर ३० मीटरवरच्या भिंतीवर खूण करा, यंत्र अर्धा फेरा वळवून पुन्हा खूण करा. दोन खुणांमधल्या अंतराचं अर्ध म्हणजे यंत्राची चूक. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा ती जास्त असेल तर यंत्र दुरुस्तीला द्या.

किरण डोळ्यात गेलाच तर

फिरता किरण चेहऱ्यावरून गेला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. स्थिर किरण डोळ्यात गेला, किंवा कुणी मुद्दाम बघत राहिलं, तर लक्ष द्यावं लागतं. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, कारण पडद्याला वेदना कळतच नाहीत. डोळा चोळू नका. एकेक डोळा झाकून फरशीच्या सांध्यांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे बघा. सरळ रेघ वाकडी दिसली, मधोमध काळा किंवा धुरकट डाग दिसला, किंवा दिपल्याची खूण काही मिनिटांत गेली नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून ड्रॉप आणून थांबू नका, त्याचा पडद्याच्या इजेशी संबंध नाही. डॉक्टर बाहुली मोठी करून पडदा तपासतील, लागल्यास ओसीटी स्कॅन करतील. जाताना यंत्रावरच्या लेबलचा फोटो सोबत न्या. किरणाचा रंग, तरंगलांबी, ताकद आणि तो किती वेळ डोळ्यात होता, हे त्यांना लागतं.