बर्लिन : जखमा उघड्या ठेवणारी राजधानी

युरोपच्या सहलीत लंडन, पॅरिस आणि रोम यांना जो मान मिळतो, तो बर्लिनला सहसा मिळत नाही. पॅरिसचे सौष्ठव येथे नाही आणि रोमचे प्राचीनत्वही नाही. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेले, पुढे अठ्ठावीस वर्षे भिंतीने दुभंगलेले आणि ३ ऑक्टोबर १९९० च्या एकीकरणानंतर पुन्हा अखंड जर्मनीची राजधानी झालेले हे शहर आहे. मात्र एखादे राष्ट्र स्वतःच्या अपराधांची नोंद भर रस्त्यात कशी मांडून ठेवते, हे पाहायचे असेल तर बर्लिनला पर्याय नाही. त्यासाठी किमान तीन दिवस हाताशी हवेत.

सुरुवात बहुतेक जण ब्रांडेनबर्ग दरवाजापासून करतात. १७९१ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूवरील चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिसला नेला होता. त्याच्या पराभवानंतर १८१४ मध्ये तो परत आला. जवळच राइशस्टाग हे संसद भवन आहे. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी घडवलेल्या त्याच्या काचेच्या घुमटात जाण्यास शुल्क नाही, परंतु आधी नाव नोंदवावे लागते आणि पारपत्र जवळ बाळगावे लागते. ऐनवेळी गेलेल्या पर्यटकाला बहुधा घुमट खालूनच पाहावा लागतो.

दरवाजाच्या दक्षिणेस काही पावलांवर करड्या काँक्रीटचे २,७११ ठोकळे ओळीने उभे आहेत. नाझी राजवटीने ठार केलेल्या साठ लाख युरोपीय ज्यूंचे हे स्मारक २००५ मध्ये खुले झाले. त्यावर एकही नाव कोरलेले नाही. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे आहेत. आत शिरावे तशी जमीन खचत जाते, ठोकळे डोक्यावर जातात आणि सोबतचा माणूस दिसेनासा होतो. ठोकळ्यांवर चढून छायाचित्रे काढणारे पर्यटक येथे दिसतात. तो मोह टाळावा. तळघरातील माहिती केंद्र अवश्य पाहावे. याउलट, हिटलरने जेथे आत्महत्या केली त्या भुयाराच्या जागी आज वाहनतळ आणि केवळ एक माहितीफलक आहे. त्याचे तीर्थक्षेत्र होऊ नये, याची काळजी या शहराने घेतली आहे.

निवासी भागांतून फिरताना पदपथात बसवलेले दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचे पितळी चौकोन पायाशी चमकतात. कलावंत गुंटर डेमनिग यांच्या कल्पनेतून साकारलेले हे ‘अडखळण्याचे दगड’. ज्या घरातून माणसाला छळछावणीत नेले, त्याच घरासमोर त्याचे नाव, जन्मवर्ष आणि शेवट कोरलेला असतो. वाचायचे तर वाकावेच लागते.

बर्लिनची भिंत १३ ऑगस्ट १९६१ रोजी उभी राहू लागली आणि ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली. पश्चिम बर्लिनला वेढणारी तिची लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. भिंत पाहण्यासाठी पर्यटकांची गर्दी चेकपॉइंट चार्ली येथे होते, पण तेथील चौकी नंतर उभारलेली प्रतिकृती आहे. श्प्री नदीकाठी भिंतीच्या सव्वा किलोमीटरहून अधिक लांबीच्या भागावर १९९० मध्ये अनेक देशांच्या चित्रकारांनी चित्रे काढली. ती पाहण्याजोगी आहेत. खरी भिंत मात्र समजते ती बर्नाउअर श्ट्रास या रस्त्यावर. येथे घरे पूर्वेत आणि समोरचा पदपथ पश्चिमेत, अशी स्थिती होती. लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, काहींचा त्यात अंत झाला, मग खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या. दोन भिंतींमधल्या पट्ट्यात अडकलेले चर्च पूर्व जर्मन सरकारने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडले. त्या जागी २००० मध्ये मातीचे छोटे प्रार्थनागृह उभे राहिले. भिंतीपायी किमान १४० जणांचा बळी गेला. स्मारकात त्यांची छायाचित्रे आहेत. त्यांत लहान मुलेही आहेत. या स्मारकालाही प्रवेशशुल्क नाही.

पुन्हा मध्यवर्ती भागात, उंटर डेन लिंडेन या हमरस्त्यावर, बेबेलप्लाट्झ हा चौक लागतो. १० मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी येथे ग्रंथांची होळी केली. फरशीतील काचेतून खाली डोकावले की रिकामी कपाटे दिसतात. एवढेच ते स्मारक. समोरच हुम्बोल्ट विद्यापीठ आहे आणि येथे मराठी वाचकाला थांबण्याचे खास कारण आहे. ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३० या काळात याच विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन केले. त्यांचे मार्गदर्शक होते वंशवादी मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही फिशर यांची अपेक्षा. तरुण इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष प्रबंधात नोंदवला. गुरूच्या मताविरुद्ध, तेही परक्या देशात, हे लिहिण्यास धैर्य लागते.

ते संशोधन झाले ती संस्था शहराच्या नैर्ऋत्येस डालेम या झाडीच्या उपनगरात होती. ईने श्ट्रासवरील २२ क्रमांकाची ती इमारत आज मुक्त विद्यापीठाकडे आहे. यू-३ या भुयारी रेल्वेने तेथे जाता येते. पुढील काळात याच संस्थेने नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा दिला आणि आउश्वित्झहून मेंगेलेने पाठवलेले मानवी अवशेष स्वीकारले. दाराशी फलक आहे. परिसरात २०१४ पासून खोदकामात हाडांचे हजारो तुकडे सापडले. २०२३ मध्ये त्यांचे दफन करण्यात आले. सहल कंपन्यांच्या बस येथे येत नाहीत. दोन तास काढून जाणाऱ्याला मात्र इरावतीबाईंचा तो निष्कर्ष किती मोलाचा होता, हे उमगते.

संग्रहालयांच्या बेटावरील पेर्गामोन संग्रहालय दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्णपणे बंद झाले आणि सारे काम संपायला २०३७ उजाडणार आहे, हे ध्यानात ठेवूनच बेत आखावा. शेजारच्या नोयेस संग्रहालयात राणी नेफरतितीचा अर्धपुतळा आहे. त्याची मालकी इजिप्त आजही सांगतो. २००९ मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या या इमारतीवर युद्धातील गोळ्यांच्या खुणा मुद्दाम राखल्या आहेत. जवळच्या हुम्बोल्ट फोरमसमोर सांचीच्या तोरणाची दगडी प्रतिकृती २०२२ पासून उभी आहे.

भारतीयांना येथे शेंगेन व्हिसा लागतो. शहराची वाहतूक अ, ब आणि क अशा तीन विभागांत आहे. विमानतळ क विभागात असल्याने तेथून येताना तिन्ही विभागांचे तिकीट घ्यावे. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत फाटके नाहीत, पण फलाटावरील यंत्रात तिकिटावर शिक्का मारला नाही तर तपासनीस साठ युरो दंड घेतो आणि परदेशी असल्याची सबब ऐकत नाही. बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. डिसेंबरात दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो; बर्नाउअर श्ट्रास आणि डालेमला जायचे असेल तर मे ते सप्टेंबर हा काळ बरा.