‘दिग्दर्शना’ची विषयमर्यादा

इ. स. १८४० च्या १ मे रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत ‘दिग्दर्शन’ हें मराठींतील पहिलें मासिक काढिलें. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, हें गांव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, देवगड तालुक्यांत येतें. १८३२ पासून त्यांनीं चालविलेलें ‘दर्पण’ पत्र त्याच वर्षीं २६ जून रोजीं बंद झालें. ‘दर्पण’ इंग्रजी व मराठी अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापलें जाई. ‘दिग्दर्शन’ मराठी वाचकासाठीं होतें.

पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, निसर्गविज्ञान, गणित, व्याकरण, इतिहास इतके विषय त्यानें पत्करिले. विवरणास नकाशे व आकृति यांची जोड दिली. आजच्या वाचकास हें पल्लवग्राही वाटण्याचा संभव आहे. आमचें मत तसें नाहीं. मालवणचा तांडेल उधाण व भांग तिथीवरून बिनचूक सांगतो. परंतु अमावास्येस व पौर्णिमेसच पाणी अधिक कां चढतें, असें त्यानें विचारिलें तर सूर्यचंद्रांच्या गति, गुरुत्वाकर्षण व किनाऱ्याची घडण या तिहींकडे जावें लागतें. जिज्ञासु मनुष्य एकच असतो. शास्त्रांच्या वाटण्या मागाहून होतात. शिवाय संपादक स्वतः गणिताचे अध्यापक. कुलाब्याच्या वेधशाळेचेंही काम त्यांनीं पाहिलें, आणि १८४५ मध्यें ज्ञानेश्वरीची मुद्रित प्रत सिद्ध केली.

तथापि एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. शिलालेख व ताम्रपट यांवरील बाळशास्त्र्यांचे शोधलेख रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या इंग्रजी नियतकालिकांत आले. सबब ‘दिग्दर्शना’ची खरी मर्यादा विषयांची नसून कार्याची होती: शोध इंग्रजींत, विवरण मराठींत. पंडितवर्ग एकीकडे व नवशिका वाचक दुसरीकडे, अशा स्थितींत याहून निराळें होणें कठीणच होतें. १८४६ त, अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, बाळशास्त्री वारले. पुढें १८५० मध्यें ‘मराठी ज्ञानप्रसारक’ व १८५४ मध्यें त्यांचे शिष्य भाऊ महाजन यांचें ‘ज्ञानदर्शन’ निघालें. त्यांचाही मुख्य रोख ज्ञानप्रसाराचाच.

अप्रकाशित बखरी व कागदपत्रें मराठी मासिकांतून नेमानें छापण्याचें काम १८७८ त ‘काव्येतिहाससंग्रहा’नें हातीं घेतलें. मात्र तेथें, नांवाप्रमाणेंच, काव्य व इतिहास एवढेंच क्षेत्र राहिलें. रसायन, गणित व पदार्थविज्ञान यांस त्या पानांत जागा नव्हती.