मोतीबिंदू व अपवर्तनदोष शस्त्रक्रिया : चिकित्सालयीन संशोधन

डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. प्रकाशकिरण दृष्टिपटलावर नेमके न जुळल्यामुळे चष्म्याचा नंबर लागतो, तो अपवर्तनदोष. मोतीबिंदूवर औषध नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवावे लागते. नंबर घालवण्यासाठी बहुधा पारपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, आकार बदलतात. यांपैकी कोणती शस्त्रक्रिया कोणाला मानवते, ती किती सुरक्षित आहे आणि तिचा परिणाम किती टिकतो, याचा प्रत्यक्ष रुग्णांवर केलेला पद्धतशीर अभ्यास या नोंदीत विचारात घेतला आहे. नेत्रशल्यक्रियेत नवी तंत्रे झपाट्याने रुजतात. ती जुन्यांहून खरोखर सरस आहेत का, हे मात्र पुष्कळदा उशिरा कळते आणि उत्तर मोजमाप कशाचे केले यावर अवलंबून असते.

कृत्रिम भिंगाची कथा याची साक्ष देते. हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात पहिले भिंग बसवले. युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचछताचे पर्स्पेक्सचे तुकडे शिरले, तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून केलेले पर्स्पेक्सचे भिंग डोळ्याने स्वीकारले, पण त्याची ताकद चुकली आणि रुग्णाला मोठा मायनस नंबर आला. भिंग किती नंबरचे बसवावे, या प्रश्नाला रुग्णांच्या नोंदींतून व्यवहारात सोपे उत्तर मिळाले ते १९८० च्या सुमारास. सँडर्स, रेट्झलाफ व क्राफ यांनी शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्ष आलेले नंबर तपासून त्यांतून सूत्र बांधले. डोळ्याची लांबी मोजताना एक मिलिमीटरची चूक झाली तर भिंगाची ताकद सुमारे अडीच डायॉप्टरने (डायॉप्टर हे नंबराचे एकक) चुकते, हे त्या सूत्रातून सरळ दिसते. पुढची सूत्रे अधिक सूक्ष्म झाली आणि ध्वनिलहरींऐवजी प्रकाशाने लांबी मोजली जाऊ लागली. तेव्हापासून मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही चष्म्याचा नंबर ठरवणारी शस्त्रक्रियाही झाली. या दोन शाखांचा एकत्र विचार होतो तो यामुळेच.

भारतात प्रश्न वेगळा होता. शिबिरांतून मोतीबिंदू आवरणासकट काढला जाई आणि रुग्णाच्या हाती जाड भिंगांचा चष्मा दिला जाई. तो हरवला किंवा फुटला की माणूस पुन्हा जवळजवळ आंधळा. कृत्रिम भिंग मोठ्या प्रमाणावर, गरीब रुग्णांमध्ये सुरक्षितपणे बसवता येईल का, याबद्दल शंका होत्या. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात ३,४०० रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीने त्यांना उत्तर दिले. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंग बसवणे सुरक्षित ठरले. शिवाय रोजच्या कामांत, चालण्या-फिरण्यात आणि स्वतःची काळजी घेण्यात भिंग बसवलेले रुग्ण सरस होते. डोळा तक्त्यावरची कितवी ओळ वाचतो एवढ्यावर न थांबता माणसाच्या जगण्यात काय फरक पडला हे विचारणे, हे या चाचणीचे मोठेपण. त्याआधीच, १९९२ पासून, अरविंदच्याच ऑरोलॅबने कमी किमतीची भिंगे बनवायला सुरुवात केली होती.

पुढचा कळीचा प्रश्न पुण्यात हाताळला गेला, आणि महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे तपशील माहीत असायला हवेत. चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत आणलेल्या फेको पद्धतीत श्राव्यातीत कंपनांनी भिंगाचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेतात. जखम लहान असते आणि टाके लागत नाहीत. पण यंत्र महाग, त्याचे सुटे भाग महाग आणि हात बसायला वेळ लागतो. दुसरीकडे आवरण शाबूत ठेवून मोठ्या छेदाने भिंग काढायची आणि टाके घालायची जुनी पद्धत होती. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे एसआयसीएस : श्वेतपटलात बोगद्यासारखा छेद घेऊन भिंग हातानेच बाहेर काढायचे, छेद आपोआप मिटतो, यंत्र लागत नाही.

पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात परीक्षित गोगटे, मदन देशपांडे व सहकाऱ्यांनी आधी जुन्या पद्धतीची एसआयसीएसशी तुलना केली. ७४१ रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक वाटणी झाली, आठ शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया केल्या आणि सहा आठवड्यांनी ७०६ रुग्ण तपासणीला आले. अशा सामाजिक स्तरात एवढे रुग्ण पुन्हा येणे, ही चाचणी नीट राबवल्याची खूण आहे. चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर, म्हणजे निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ते निदान ६ मीटरवरून वाचता येणे, ही कसोटी होती. एसआयसीएस गटात ४७.९ टक्के रुग्ण तिला उतरले, जुन्या पद्धतीच्या गटात ३७.३ टक्के. २००३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

त्यानंतर तेथेच ४०० डोळ्यांवर फेको व एसआयसीएस यांची तुलना झाली (२००५). सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ नजर फेकोत सुमारे ८१ टक्के, तर एसआयसीएसमध्ये ७१ टक्के डोळ्यांना मिळाली. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर मात्र दोन्हीकडे ९८.४ टक्के. रुग्णालयाला पडणारा खर्च फेकोसाठी सुमारे ४२ डॉलर, एसआयसीएससाठी सुमारे १५ डॉलर निघाला. हे आकडे एकत्र वाचायला हवेत. फेकोची आघाडी खरी आहे, आणि ती मुख्यतः छेदामुळे येणाऱ्या सिलिंडर नंबरची आहे. साध्या चष्म्याने ती भरून निघते. ज्याच्याकडे चष्माही पोचत नाही त्याच्यासाठी ती आघाडी मोलाची. पण तेवढ्याच पैशांत दुप्पट माणसांना दृष्टी देता येत असेल, तर सार्वजनिक कार्यक्रमाने एसआयसीएस निवडणे यात कमीपणा नाही. नेपाळमध्ये संदुक रुइत व सहकाऱ्यांनी १०८ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२००७) सहा महिन्यांनी दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखे आले. तेथे पिकलेले, कठीण मोतीबिंदू पुष्कळ होते, आणि अशा डोळ्यांत एसआयसीएसला वेळही कमी लागला.

महागड्या यंत्राची अशीच परीक्षा फेम्टोसेकंद लेसरच्या बाबतीत झाली. लेसरने छेद घेतल्यास शस्त्रक्रिया अधिक अचूक होईल, असा दावा होता. फ्रान्समध्ये ९०९ रुग्णांवरील फेमकॅट चाचणीत (२०२०) नेहमीच्या फेकोपेक्षा लेसरचा अधिक वैद्यकीय लाभ दिसला नाही आणि खर्च मात्र वाढला.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग विरळा असतो, पण त्यात डोळा जाऊ शकतो. विरळ घटनेचा अभ्यास करायला प्रचंड संख्या लागते. युरोपातील नऊ देशांत सुमारे १६ हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००७) शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात सेफ्युरोक्सिम हे प्रतिजैविक सोडल्यास धोका सुमारे पाच पटींनी घटतो असे आढळले. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. अरविंद रुग्णालयांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन हे दुसरे प्रतिजैविक वापरून सुमारे २० लाख शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलेले दिसले. ही यादृच्छिक चाचणी नव्हती, तरी एवढी संख्या जगात फार थोड्या ठिकाणी जमते.

अपवर्तनदोष शस्त्रक्रियेत कसोटी अधिक कडक हवी, कारण येथे चष्म्याने उत्तम दिसणाऱ्या डोळ्याला शस्त्र लावले जाते. मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव्ह यांनी लोकप्रिय केलेली पारपटलावर अरीय छेद घेण्याची पद्धत अमेरिकेत पसरली, तेव्हा तिच्यावर ‘पर्क’ हा नऊ केंद्रांचा अभ्यास हाती घेतला गेला. सुरुवातीचे परिणाम आशादायक होते. दहा वर्षांनंतरच्या १९९४ च्या अहवालात मात्र ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक डायॉप्टर किंवा अधिक प्लसकडे सरकलेला आढळला. पारपटल वर्षानुवर्षे चपटे होत राहिले होते. हा अभ्यास वर्षभरात गुंडाळला असता तर हे कधीच कळले नसते.

त्यानंतर छेदांची जागा एक्सायमर लेसरने घेतली. भारतात जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये दाखवले की हा लेसर आजूबाजूच्या ऊतींना न भाजता नेमका थर उडवतो. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत ते तंत्र पारपटलापर्यंत पोचले आणि पुढे त्यातून लेसिक ही नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया आली. लेसिकनंतर बहुतेकांना चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते, हे अनेक अभ्यासांनी दाखवले होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेल्या ‘प्राउल’ अभ्यासांनी (२०१७) रुग्णालाच विचारले. ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेबद्दल समाधानी होते. पण आधी कोणताही त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांनी तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलये, चकाकी, दुहेरी प्रतिमा असे काही ना काही नव्याने दिसत असल्याचे सांगितले. त्यामुळे कामकाज फार अडलेले लोक एक टक्क्याहूनही कमी होते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ही सगळी माहिती मिळायला हवी.

लेसिक झालेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे. लेसरने पारपटलाचा पुढचा पृष्ठभाग बदललेला असल्याने भिंगाची ताकद काढणारी नेहमीची सूत्रे चुकतात आणि मायनस नंबरसाठी लेसिक केलेल्या रुग्णाला अनपेक्षित प्लस नंबर येतो. यासाठी खास सूत्रे वापरावी लागतात, आणि लेसिकपूर्वीची मोजमापे जपून ठेवलेली असतील तर हिशोब सोपा जातो.

सध्याचा एक जिवंत प्रश्न दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया एकाच दिवशी करावी का, हा आहे. नेदरलँड्समधील दहा रुग्णालयांत ८६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२३) नंबर अपेक्षेइतका येण्याच्या बाबतीत एकाच दिवशी केलेली शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी ठरली नाही. दोन्ही डोळ्यांत एकाच वेळी संसर्ग होण्याची भीती मात्र एवढ्या संख्येत तपासता येत नाही. तिचे उत्तर लाखो शस्त्रक्रियांच्या नोंदींतूनच मिळू शकते.