तापलेल्या यंत्रांचे आयुष्य

लॅपटॉपवर तासन्‌तास गेम खेळल्याने त्याचे आयुष्य कमी होते का, हा प्रश्न आता घरोघर ऐकू येतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला साठ-सत्तर हजारांचे यंत्र घेऊन देणारे आईवडील तो विचारतात. दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर तोच प्रश्न उलटा टाकतो : ‘यावर गेम खेळत होता का?’ उत्तरे साधारण दोन मिळतात. एक असे, की उष्णता हा यंत्राचा काळ आहे. दुसरे असे, की आजच्या चिप शंभर अंशांपर्यंत तापण्यासाठीच घडवलेल्या असतात, तेव्हा खुशाल खेळा. दोन्ही उत्तरे ठामपणे दिली जातात आणि दोन्ही अर्धवट आहेत. ही मते कुठून आली हे शोधत गेल्यावर मला जाणवले, की हा केवळ तंत्राचा इतिहास नाही. यंत्र बिघडले की दोष कोणाच्या पदरात टाकायचा, याचाही तो इतिहास आहे.

त्याची सुरुवात लॅपटॉपच्या खूप आधी होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये, ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. हजार वॉटच्या दीडशे इस्त्र्या एकाच दालनात चालू ठेवाव्यात, तसा हा प्रकार. एवढ्या नळ्यांपैकी एखादी सतत जळत राहणार आणि यंत्र कधी सलग चालणारच नाही, अशी शंका जाणकारांनी आधीच घेतली होती. मुख्य अभियंता प्रेस्पर एकर्ट याने त्यावर उपाय केला तो काटकसरीचा. नळ्यांची जी क्षमता ठरलेली होती, तिच्यापेक्षा बऱ्याच कमी भारावर त्याने त्या चालवल्या.

पण चालवणाऱ्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली तीच आहे. नळ्या प्रामुख्याने यंत्र सुरू करताना आणि बंद करताना जात. तापलेल्या अवस्थेत त्या निमूट काम करत. तापताना आणि निवताना दगा देत. म्हणून एनिॲक शक्यतो बंदच न करण्याची पद्धत पडली, आणि नळी जाण्याचे प्रमाण सुमारे दोन दिवसांत एक इतके खाली आले. १९५४ मध्ये हे यंत्र सलग ११६ तास बिनतक्रार चालले, हा त्याचा विक्रम. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये कार्यान्वित केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. त्या पिढीच्या यंत्राशेजारी काम करणाऱ्याला उष्णता ही पुस्तकातली गोष्ट नव्हती.

एनिॲकचा हा धडा मात्र पुढे मागे पडला आणि त्याची जागा एका सोप्या सूत्राने घेतली. त्या सूत्राचे मूळ साखरेत आहे. १८८९ मध्ये स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने उसाच्या साखरेचे आम्लात विघटन किती वेगाने होते, याचा अभ्यास मांडला. तापमान थोडे वाढले तरी हा वेग पटीपटीने वाढतो, हे त्याने गणिताने दाखवले. विसाव्या शतकात विद्युत अभियंत्यांनी हे गणित उसने घेतले. तारांवरचे वेष्टन, कपॅसिटरमधला द्रव, चिपवरचे सूक्ष्म थर, हे सारे शेवटी रसायनच. तेव्हा तेही उष्णतेने लवकर झिजणार. यातूनच ‘तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे’ हा ठोकताळा रूढ झाला.

काही भागांपुरता हा ठोकताळा खराही आहे. द्रव भरलेल्या कपॅसिटरचे आयुष्य आजही जवळपास तसेच मोजतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोटोरोला कंपनीतल्या जेम्स ब्लॅक यांनी आणखी एक झीज सूत्रात बांधली. चिपमधल्या धातूच्या बारीक तारांतून जोराचा प्रवाह वाहिला, की धातूचे अणूच हळूहळू सरकतात आणि तार एके ठिकाणी क्षीण होते. नदीने काठची माती वाहून न्यावी तसे. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. म्हणजे ‘उष्णता हा काळ’ म्हणणाऱ्यांच्या पाठीशी शास्त्र नाही, असे नाही.

अडचण आली ती एका सूत्राचा सर्वत्र वापर झाल्यामुळे. अमेरिकी संरक्षण खात्याची २१७ क्रमांकाची हस्तपुस्तिका अनेक दशके इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या आयुष्याचे पंचांग म्हणून वापरली गेली. तिच्या आकडेमोडीत स्थिर तापमानाला मोठे स्थान होते. १९९० च्या दशकात तिच्यावर कडक टीका झाली. त्यात मेरीलँड विद्यापीठातले मायकेल पेक्ट आणि त्यांचे सहकारी आघाडीवर होते. पेक्ट, प्रदीप लाल आणि एडवर्ड हकीम यांनी १९९७ मध्ये याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : उपकरण किती तापते एवढेच पाहू नका, तापमान किती वर-खाली होते, किती वेगाने होते आणि किती वेळा होते, तेही पाहा. पुढे २००७ मध्ये गूगलच्या तीन अभियंत्यांनी लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अतिउष्ण आणि जुन्या डिस्क सोडल्या तर तापमानाचा आणि बिघाडाचा अपेक्षेइतका संबंध दिसला नाही.

तापमानाच्या या चढउतारांचे गणित तोवर दुसऱ्याच क्षेत्रात तयार झालेले होते. १९५३-५४ च्या सुमारास अमेरिकेत मॅन्सन आणि कॉफिन या दोन संशोधकांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, धातूच्या थकव्याचा नियम मांडला. वारंवार तापणारी आणि निवणारी यंत्रे किती फेऱ्या सोसतील, हा त्यांचा प्रश्न होता. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. आणि जितकी जास्त वाकवावी तितक्या कमी वेळांत तुटते. १९६९ मध्ये आयबीएमच्या नॉरिस आणि लँड्झबर्ग यांनी हाच विचार चिपखालच्या डाखाच्या ठिपक्यांना लावला.

हा डाख म्हणजे सोल्डर. चिप तिच्या खालच्या पाटीला अशा शेकडो बारीक ठिपक्यांनी जोडलेली असते. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सहज कळेल. लोखंडी धाव तापवली की फुगते, चाकावर बसते आणि निवली की आवळते. लोखंड जितके फुगते तितके लाकूड फुगत नाही, म्हणून ती पकड. चिपमध्येही हेच घडते, पण नुकसानीचे. सिलिकॉन उष्णतेने फारच कमी प्रसरण पावते, तर खालची पाटी त्याच्या कैक पट. दोघांच्या ओढाताणीत सापडतो तो मधला डाख. दर तापण्या-निवण्यागणिक तो थोडा वाकतो, आणि एक दिवस त्याला तडा जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमानाचा हेलकावा दुप्पट झाला तर डाख सोसू शकेल अशा फेऱ्या साधारण चौथाईवर येतात. लेखनकामात लॅपटॉपची चिप तीसवरून साठ अंशांवर जाते आणि गेममध्ये तीसवरून नव्वदवर, एवढे ध्यानात घेतले तर फरक कुठे पडतो ते दिसते.

हे गणित कागदावरच राहिले असते, तर मी त्यावर लेख लिहिला नसता. पण २००७-०८ मध्ये ते लाखो घरांत उतरले. मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे गेमचे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये बाजारात आले आणि पुढे लाल दिव्यांचे कडे दाखवून मोठ्या संख्येने बंद पडू लागले. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि सुमारे एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च सोसण्याची घोषणा केली. चौदा वर्षांनी, २०२१ मध्ये, कंपनीने स्वतःच्याच इतिहासावर काढलेल्या माहितीपटात कारण उघड सांगितले गेले : यंत्र चालू-बंद होताना होणाऱ्या तापण्या-निवण्याने आतले जोड तुटत होते. एनिॲकच्या माणसांनी कित्येक दशकांपूर्वी जे ओळखले होते, तेच.

लॅपटॉपची पाळी लगेच आली. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया या कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही जुन्या ग्राफिक्स चिप लॅपटॉपमध्ये नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत, आणि त्यासाठी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. कारणे तीन दिली : चिप आणि तिचे वेष्टन यांतील कमकुवत सामग्री, लॅपटॉपमधली उष्णता बाहेर टाकण्याची रचना, आणि ग्राहकांच्या वापराची पद्धत.

ही तिसरी ओळ वाचून मी बराच वेळ थांबलो. ती खोटी नाही. जो जास्त खेळतो, त्याच्या डाखावर जास्त हेलकावे बसतात, हे वर पाहिलेच. पण खेळण्यासाठी म्हणून विकलेल्या चिपवर खेळणे, ही वापराची ‘पद्धत’ ठरवून ती बिघाडाच्या कारणांत मोजायची का? मुळात कमकुवत असलेला डाख वापराने लवकर उघडा पडतो. वापर त्याला कमकुवत करत नाही. डेल आणि एचपी यांनी तेव्हा लॅपटॉपचे मूळ प्रोग्राम बदलून पंखे लवकर आणि जास्त फिरतील अशी सोय केली. याने हेलकावे कमी झाले, पण सदोष चिप जागच्या जागीच राहिली. अ‍ॅपलने आपल्या काही लॅपटॉपची विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. २०१० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयीन तडजोडीने तिथल्या बाधित ग्राहकांना दुरुस्ती किंवा बदली यंत्र मिळाले. अमेरिकेबाहेरचा ग्राहक त्या तडजोडीत नव्हता.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? गेमने लॅपटॉपचे आयुष्य कमी होते. पण सर्व भागांचे सारखे नाही आणि एकाच कारणाने नाही. चिप स्वतःला सांभाळते. इंटेलच्या २००० सालच्या पेंटियम ४ पासून अति तापल्यावर वेग आपोआप उतरवण्याची सोय आहे, त्यामुळे ती एका रात्रीत जळत नाही. डाख हेलकाव्यांनी थकतो. पंख्याचे बेअरिंग तासांवर झिजते, चिपवरची थर्मल पेस्ट सुकते किंवा कडेला सरकते आणि जाळीत धूळ बसली की सारेच बिघडते. सर्वांत आधी बहुधा बॅटरी थकते, कारण लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज यांची जोडी मानवत नाही, आणि गेम खेळताना नेमकी तीच जोडी जमते. विदर्भातल्या मे महिन्यात तर एक विचित्र प्रकार होतो. खोलीच बेचाळीस अंशांवर असल्याने डाखाला बसणारा हेलकावा उलट लहान होतो, पण बॅटरीचे हाल वाढतात. म्हणून जाळी साफ ठेवावी, यंत्र गादीवर ठेवू नये, चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर वापरावी. याहून जास्त धास्ती घेण्याचे कारण नाही.

धास्ती घ्यायची ती दुसऱ्या गोष्टीची. एनिॲक चालवणारे बिघाडांची वही ठेवत. नळी कधी गेली, कुठली गेली, हे त्यांना ठाऊक असे. आजच्या लॅपटॉपमध्ये तापमान मोजणारे संवेदक क्षणोक्षणी काम करत असतात, पण यंत्र बंद पडल्यावर मालकाच्या हाती नोंद काहीच नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पण दोष वस्तूतला की वापरातला, हा वाद तिथेही उभा राहणारच. अशा वेळी ‘यावर गेम खेळत होता का?’ हा प्रश्न निरुपद्रवी राहत नाही. तो विचारणाऱ्याला आपण उलट विचारायला हवे, की हे यंत्र किती वेळा तापून निवेल असे धरून घडवले होते. १९६९ पासून हा आकडा काढण्याचे गणित कारखान्यांपाशी आहे. खोक्यावर मात्र तो मला अजून कधी छापलेला दिसलेला नाही.