शाळेतली यंत्रे आणि उद्दिष्टांचे माप

शाळेत कोणते यंत्र आणायचे, ते कोणाच्या हाती द्यायचे आणि त्यामुळे मुलांच्या शिकण्यात कोणता फरक पडावा अशी अपेक्षा धरायची, हे आधी लिहून ठेवणाऱ्या योजनेला शालेय तंत्रज्ञान आराखडा म्हणतात. त्यातली अपेक्षा ठरलेल्या मुदतीनंतर पुरी झाली की नाही, हे कोणालाही पडताळता येईल अशा शब्दांत मांडलेली असली, तरच ती मापनीय उद्दिष्ट ठरते. ‘मुलांना आधुनिक ज्ञानाची ओळख व्हावी’ ही सदिच्छा आहे. ‘अमुक वर्गातील इतकी मुले इतक्या काळात हे करू लागतील’ हे उद्दिष्ट आहे. भारतातील शालेय तंत्रज्ञानाच्या गेल्या सुमारे पन्नास वर्षांच्या इतिहासात या दोन विधानांमधले अंतर वारंवार पुसले गेले आहे, आणि ज्या प्रयोगाने ते सर्वांत काटेकोरपणे पाळले तो नेमका आरंभीचा आहे, ही या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट होय.

उपग्रहाद्वारे शिक्षणविषयक दूरदर्शन प्रयोग, अर्थात ‘साइट’, १ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ रोजी संपला. त्याची कल्पना विक्रम साराभाई यांची. अमेरिकेच्या ‘नासा’शी त्यासंबंधीचा करार १९६९ मध्ये झाला, आणि साराभाईंच्या निधनानंतर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल आणि कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी तो तडीस नेला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील २० जिल्ह्यांमधून सुमारे २४०० खेडी निवडण्यात आली. तिथे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीपासून बनवलेले, दहा फूट व्यासाचे अँटेना उभारून ‘एटीएस-६’ या उपग्रहाचे संदेश थेट गावातल्या सामुदायिक टीव्ही संचावर उतरवले जात. सकाळचा दीड तास ५ ते १२ वयोगटातील शाळकरी मुलांसाठी राखलेला होता, आणि तो हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया या चार भाषांत वाटला गेल्यामुळे प्रत्येक भाषेच्या वाट्याला अवघी साडेबावीस मिनिटे येत. महाराष्ट्रातील खेडी या प्रयोगात नव्हती. मात्र मुलांसाठीचे विज्ञानविषयक कार्यक्रम ‘इस्रो’च्या मुंबईतील स्टुडिओत तयार होत असत.

साइटचे खरे मोठेपण मात्र उपग्रहात नव्हते. करारातच या प्रयोगाची उद्दिष्टे दर्जानिहाय लिहिलेली होती: कुटुंबनियोजन, शेतीसुधारणा आणि राष्ट्रीय एकात्मता ही प्रमुख, तर शालेय शिक्षण, प्रौढ शिक्षण आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही दुय्यम. शाळा दुय्यम स्थानी असावी याचे आज वैषम्य वाटू शकते. पण ते स्थान आधीच स्पष्ट केलेले असल्यामुळे पुढे कोणत्या यशाचे श्रेय घ्यायचे आणि कोणत्या अपयशाची जबाबदारी स्वीकारायची, याविषयी संदिग्धता उरली नाही. मूल्यमापनाची आखणीही प्रक्षेपणापूर्वीच झाली होती. टीव्ही येण्यापूर्वी, प्रयोग चालू असताना आणि तो संपल्यानंतर अशा तीन टप्प्यांत पाहण्या करण्यात आल्या, आणि ज्या गावांत टीव्ही होता त्यांच्याबरोबरच टीव्ही नसलेली, पण अन्य बाबतींत त्यांच्यासारखीच असणारी गावेही तपासली गेली. अशा तुलनेच्या गटाला संशोधनाच्या परिभाषेत नियंत्रण गट म्हणतात. जो बदल काळाच्या ओघात तसाही घडला असता तो यंत्राच्या नावावर जमा होऊ नये, हा त्याचा उपयोग. शिवाय काही गावांत मानववंशशास्त्राचे अभ्यासक महिनोन्महिने मुक्कामाला राहिले, आणि संख्येत न मावणाऱ्या गोष्टींची नोंद त्यांनी केली.

निष्कर्ष संमिश्र निघाले, आणि ते तसेच प्रसिद्ध झाले. टीव्हीमुळे शाळेची पटनोंदणी वाढली नाही आणि गळतीही, म्हणजे मुलांचे मध्येच शाळा सोडून जाणे, थांबली नाही. मात्र मुलांच्या भाषाविकासात आणि निरनिराळ्या साधनांतून माहिती मिळवण्याच्या ओढीत वाढ दिसली. ज्या घरातले मूल गुरे राखायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला लागते, त्या घराची अडचण पडद्यावरच्या चित्राने सुटत नाही, असे यातून दिसते. नकारात्मक निष्कर्ष हाती येण्याइतके उद्दिष्ट नेमके असणे, हेच त्या आराखड्याचे सर्वांत मोठे यश मानले पाहिजे.

हा वारसा पुढे टिकला नाही. इन्सॅट उपग्रहांच्या काळात शैक्षणिक प्रसारणासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश झाला, आणि १९८४ मध्ये पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. मराठी घरांत ती ‘बालचित्रवाणी’ या नावाने ओळखली जात असे. मराठीतून, मराठी मुलांसाठी सातत्याने दृक्‌श्राव्य कार्यक्रम निर्माण करणारी ही संस्था महाराष्ट्राचे वैभव होती. परंतु तिच्या कामाचा हिशेब प्रामुख्याने किती कार्यक्रम तयार झाले या संख्येतच मांडला जात राहिला, आणि केंद्राचे अर्थसाहाय्य थांबल्यावर २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली, तेव्हा तिच्या कार्यक्रमांमुळे मुले काय शिकली याचे उत्तर देणारी साइटसारखी भक्कम पाहणी तिच्या बाजूने उभी नव्हती.

बालचित्रवाणी उभी राहिली त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि शिक्षण मंत्रालय यांनी मिळून ‘क्लास’ हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प २४८ शाळांत सुरू केला. त्यासाठी ब्रिटनमधल्या शाळांत वापरले जाणारे ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक आणण्यात आले. संगणकाविषयीचे गूढ दूर करणे, त्याच्या निरनिराळ्या उपयोगांचा परिचय करून देणे आणि मुलांना तो प्रत्यक्ष हाताळू देणे, अशी त्याची उद्दिष्टे होती. ती वाईट मुळीच नव्हती. १९८४ साली संगणकाला हात लावायला मिळणे हीच बहुतेक मुलांसाठी अपूर्वाई होती. पण गूढ दूर झाले हे ठरवायचे कशावरून? उद्दिष्टांतच त्याची कसोटी लिहिलेली नसल्यामुळे मोजण्यासारखे उरले ते किती शाळांत किती संगणक पोहोचले एवढेच, आणि हा विषय नियमित अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने परीक्षेच्या मार्गानेही मुलांच्या प्रगतीचा माग लागत नव्हता.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हीच रीत रूढ झाली. १९८७ च्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेत रंगीत टीव्हीच्या किमतीपैकी ७५ टक्के आणि रेडिओ-कॅसेट संचांची पूर्ण किंमत केंद्राने द्यायची, असे ठरले. खर्चाचे प्रमाण इतके नेमके होते, पण शिकण्याचे प्रमाण त्याच नेमकेपणाने लिहिलेले नव्हते. नेमकेपणा अशक्य होता असेही नाही. र. ह. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्ये किमान अध्ययन पातळ्या निश्चित केल्या, तेव्हा किमान ८० टक्के मुलांनी ठरवलेल्या क्षमतांपैकी किमान ८० टक्के क्षमतांवर प्रभुत्व मिळवावे, अशी सरळ कसोटी तिने घातली होती. मात्र क्षमतांची ही यादी आणि यंत्रांची ती यादी या दोन निराळ्या कपाटांत राहिल्या, आणि अमुक क्षमतेसाठी अमुक साधन असा धागा त्यांच्यात कोणी ओवला नाही.

२००४ हे वर्ष शालेय तंत्रज्ञानाच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे आहे: सप्टेंबरमध्ये खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात गेला आणि डिसेंबरमध्ये माध्यमिक शाळांसाठी माहिती-तंत्रज्ञानाची केंद्रीय योजना सुरू झाली. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने एका संगणकावर एका वेळी दोनपेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत, असा संकेत घालून दिला. हे निदान मुलाच्या जागेवरून केलेले मोजमाप होते, कारण चाळीस मुलांच्या वर्गात पुढे उभे राहून एकाने कळफलक बडवायचा आणि मागच्यांनी टाचा उंचावून पाहायचे, याला संगणक शिक्षण म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि पायाभूत चाचण्यांद्वारे प्रत्येक मूल कुठे आहे याची नोंद करण्याचा आग्रह धरला गेला. त्याच काळात लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब्लेट आणि संगणक घेऊन जिल्हा परिषदांच्या हजारो शाळा ‘डिजिटल’ झाल्या. गावकऱ्यांनी पदरमोड करून शाळेसाठी उभा केलेला हा निधी मराठी समाजाच्या शिक्षणप्रेमाची साक्ष आहे, आणि त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण ‘डिजिटल शाळा’ हा शब्द साधनाच्या अस्तित्वाला लावला गेला, वापराला नव्हे. त्यामुळे वीजबिल थकून जोडणी तुटलेली शाळाही कागदावर डिजिटलच राहू शकत होती. देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यूडायस प्लस’ या प्रणालीनुसार इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण २०२३-२४ मधील ५३.९ टक्क्यांवरून २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोठी आणि स्वागतार्ह आहे. त्या जोडणीवर मुले काय शिकली, हे मात्र या आकड्यात नाही.

हा प्रश्न आता दिल्ली-मुंबईपुरता राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीवर सोपवले आहे, आणि त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या पालकांनी पुढच्या आराखड्यात ‘पाच टॅब्लेट घेणे’ या ओळीखाली आणखी तीन ओळी लिहाव्यात: आज तिसरीतील किती मुले अनोळखी उतारा समजून वाचतात, येत्या मार्चअखेर ती संख्या किती व्हावी, आणि त्यासाठी हे टॅब्लेट आठवड्यातून किती तासिका मुलांच्या हातात राहतील.